या शनिवारी अचानक समुद्रावर तंबू ठोकायला निघालोय, पोरं आणि सासूबाईंसकट. जमेल का?

खाडीकाठची (गुरुवार, रात्री १०:१५)

मंडळी, घाईत लिहितेय. मघाशी जेवताना नवऱ्याने जाहीर केलं की या शनिवारी समुद्रावर जाऊन तंबूत राहायचं. हॉटेल नाही, कॉटेज नाही, तंबू. शेजाऱ्यांकडे चार माणसांचा आहे आणि ते द्यायला तयार आहेत. मुलगी नऊ वर्षांची, मुलगा पाच, दोघं आत्तापासून बॅटरी घेऊन चादरीखाली शिरलेत. मी नाही म्हणणारच होते तेवढ्यात सासूबाई (वय ६८, गुडघे कुरकुरणारे) म्हणाल्या मी पण येणार. विषय संपला.

आम्ही घणसोलीचे, गाडी आहे. कुठे जाऊ? थंडी किती असते? किनाऱ्यावर असा तंबू लावलेला चालतो का की पोलीस उठवतात? आणि सगळ्यात महत्त्वाचं, बाथरूमचं काय करतात लोक? कृपया रिसॉर्टची बुकिंग सुचवू नका, नवऱ्याचं म्हणणं बुकिंग केलं की अचानकपणा जातो.

निवांत

बुकिंग केलं की अचानकपणा जातो आणि नाही केलं की झोप जाते. काय ते निवडा.

घोडबंदरग्रस्त

मी कासारवडवलीचा, त्यामुळे माझं उत्तर कायम केळवे किंवा बोर्डी. गायमुखचा घाट ओलांडला की आम्हाला परदेशात आल्यासारखं वाटतं, हायवेला लागलो की झालं. केळव्याला सुरूचं बन आहे, शीतलादेवीचं देऊळ आहे, सासूबाईंची सोय झाली. बोर्डी अजून शांत, चिकूच्या वाड्या, आणि ओहोटीला पाणी इतकं आत जातं की पोरं बुडायला आधी चालत जावं लागेल (विनोद आहे, पाण्यावर लक्ष ठेवाच). पण तुम्ही घणसोलीहून एवढं उलटं कशाला याल, तुम्हाला अलिबागच सोयीचं.

पाचपाखाडी

अलिबाग शनिवारी??? वडखळच्या ट्रॅफिकमध्येच तंबू ठोकावा लागेल ताई, समुद्रापर्यंत पोचणार नाही.

अष्टागरातला

मूळचा अक्षी-नागाव पट्ट्यातला, सध्या नोकरीमुळे नेरुळला. नीट सांगतो.

पहिली गोष्ट, पुळणीवर, म्हणजे किनाऱ्याच्या मोकळ्या वाळूत, तंबू लावायचा हट्ट सोडा. चालतं की नाही हा प्रश्न गावागणिक आणि हवालदारागणिक बदलतो, ग्रामपंचायतीला विचारल्याशिवाय लावू नये आणि रात्री बारा वाजता कोणी काठी आपटत आलं की पोरं घाबरतात ते वेगळंच. त्यापेक्षा किनाऱ्याला लागून नारळी-पोफळीच्या वाड्या आहेत, वरसोली, अक्षी, नागाव, रेवदंडा, सगळीकडे. बरेच वाडीवाले आता तंबूसाठी जागा देतात, तुमचा स्वतःचा असला तरी देतात. विहिरीचं पाणी, संडास-न्हाणी, एक दिवा, आणि समुद्र कुंपणाच्या पलीकडे. याला बुकिंग लागत नाही, दारात जाऊन काकांना विचारायचं. पैशांचं मात्र आधी बोला, सकाळी निघताना बोललात की दोघांचंही तोंड वाकडं होतं. जेवण सांगायचं असेल तर पोचल्या पोचल्या सांगा, संध्याकाळी सातला घावने मागू नका.

दुसरं, रस्ता. घणसोलीहून ८०-९० किलोमीटर धरा. पळस्पे, पेण, वडखळ, पोयनाड, कार्लेखिंड. शनिवारी पहाटे साडेपाचला निघालात तर नाश्ता अलिबागला. आठला निघालात तर पाचपाखाडींचं म्हणणं खरं. परतीला रविवारी दुपारी जेवलात की लगेच निघा, सूर्यास्त बघून निघणारे सगळे वडखळला एकत्र भेटतात.

गाडी वाळूत घालू नका. दर आठवड्याला कोणीतरी घालतंच, मग ट्रॅक्टर बोलवावा लागतो आणि ट्रॅक्टरवाला समुद्राकडे बघून भाव सांगतो. भरती येत असली की भाव वाढतो.

निवांत

शेवटचं वाक्य फ्रेम करून लावतोय.

नाखवा (शुक्रवार, सकाळी ७:०५)

चेंदणी कोळीवाड्यातला आहे, राहावलं नाही म्हणून लिहितो. अष्टागरातले म्हणतात ते बरोबर, पुळणीवर नको, पण का नको ते कोणी सांगितलं नाही.

उद्या शुद्ध त्रयोदशी. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. तेराची पाऊणपट पावणेदहा. म्हणजे सकाळी पावणेदहाच्या सुमारास भरती आणि रात्रीही तशीच, अर्धा तास इकडेतिकडे. त्याच्या मधोमध, म्हणजे दुपारी चारला पूर्ण ओहोटी. आता तुम्ही काय करणार, जेवून झोपून चारला किनाऱ्यावर जाणार, बघणार तर ही एवढी मोठी पुळण, क्रिकेटच्या चार टीम खेळतील एवढी. मस्त सपाट जागा बघून तंबू लावणार. रात्री दहाला पाणी दारात.

त्यात पौर्णिमा जवळ आली, म्हणजे उधाणाचे दिवस. आणि लोकांना माहीत नसतं, आपल्याकडे पावसाळ्यात मोठी भरती दुपारची असते पण थंडीत मोठी भरती रात्रीची असते. डिसेंबर-जानेवारीत मुंबईच्या बाजूला मध्यरात्रीचं पाणी पाच मीटरच्या आसपास जातं. दिवसा बघितलेल्या रेषेवर रात्री विश्वास ठेवायचा नाही.

खूण सांगतो. किनाऱ्यावर काटक्या, शेवाळ, प्लास्टिक, चपला यांची आडवी रेघ दिसते. ती गेल्या भरतीची. तशा दोन-तीन रेघा असतात, सगळ्यात वरची बघा आणि तिच्याही वर जिथे वेली उगवल्यात तिथे बसा. वेल खाऱ्या पाण्यात रोज भिजत नाही.

शंकासुर

पाऊणपट हे सगळ्या तिथींना चालतं का? अमावास्येला तर तिथी तीस होते, तिसाची पाऊणपट साडेबावीस, म्हणजे रात्री साडेदहा??

नाखवा

वद्य पक्षात परत एकपासून मोजायचं भाऊ. पौर्णिमा पण पंधरा, अमावास्या पण पंधरा, दोन्हीला सव्वाअकरा. अष्टमीला सहा, आणि तेव्हा भांगाचं पाणी, फार चढतही नाही फार उतरतही नाही. रोज पाऊण तासाच्या वर थोडं पुढे सरकतं म्हणून हे गणित बसतं. बोट घेऊन जायचं तर तक्ता बघावाच लागतो, पण तंबूपुरतं हे पुरे.

खाडीकाठची

सासूबाईंनी भिंतीवरचं कालनिर्णय काढून खात्री केली, त्रयोदशीच आहे. "हे तर माझ्या आईला पाठ होतं" म्हणाल्या आणि आता घरात त्यांचा भाव वाढलाय. नवरा रुसलाय कारण त्याने पुळणीवर तंबूचं स्वप्न बघितलं होतं. अष्टागरातले, नाखवाभाऊ, मनापासून आभार. रेवदंड्याच्या बाजूला बघतो.

माईआजी

अगं खाडीकाठची, थंडीचं कोणी बोललं नाही म्हणून मी बोलते. आपल्याकडे पारा सोळा-सतराच्या खाली क्वचित जातो, आकड्यावर जाऊ नकोस. त्रास गारठ्याचा नाही, दंवाचा आहे. पहाटे तंबूच्या बाहेर ठेवलेलं सगळं पिळून काढण्याइतकं ओलं होतं, चपला, टॉवेल, सगळं. आणि वाळू दिवसा चटका देते ती रात्री खालून गार पडते. वरून पांघरूण घेऊन उपयोग नाही, खाली घाल. चटई, तिच्यावर जुनी गोधडी, मग अंथरूण. पोरांना कानटोपी आणि पायमोजे, आणि त्यांचा एक कोरडा कपड्यांचा जोड गाडीतच ठेव, तंबूत आणूच नकोस, म्हणजे तो कोरडा राहील. सासूबाईंना जमिनीवरून उठायला त्रास होत असेल तर घडीची खाट किंवा खुर्ची ने. गुडघेवालीला तंबूतून रांगत बाहेर यायला लावू नका, रात्री दोनदा तरी उठावं लागतं या वयात. मला विचार.

आणि बाथरूमबद्दल पुरुष मंडळी दोन ओळीत गुंडाळतात. जागा ठरवायच्या आधी तू स्वतः आत जाऊन बघ. कडी लागते का, दिवा आहे का, पाणी येतं का, आणि तंबूपासून किती लांब. बाकी समुद्र कसाही असो.

सुरमई

माईआजींना लाख मोदक. आमच्या ग्रुपने एका कॅम्पवाल्यांकडे फोटो बघून पैसे भरले होते, फोटोत दिव्यांच्या माळा आणि गिटार. प्रत्यक्षात चाळीस माणसांना दोन संडास आणि एकाला कडीच्या जागी सुतळी. सगळ्या बायका सुतळी धरायला पाळीपाळीने उभ्या. गिटार होती मात्र.

दोरखंड

तंबूबद्दल. शेजाऱ्यांच्या तंबूसोबत ज्या बारीक लोखंडी खुंट्या आल्या असतील त्या वाळूत उभ्या राहत नाहीत, बोटाने ओढल्या की येतात. त्यावर उपाय सोपा. जुन्या पिशव्या किंवा पिठाच्या थैल्या न्या, त्यात वाळू भरा, तोंड दोरीने बांधा, तंबूची ताणाची दोरी त्याला लावा आणि पिशवी हातभर खोल आडवी पुरून वरून पायाने दाबा. मग वारा काय करायचं ते करू दे. वाडीतल्या मातीत खुंट्या बसतील, पण नारळाच्या मुळांचं जाळं असतं, हातोडी न्या.

नारळाखाली तंबू लावायचा नाही हे सांगायला नको. सांगतो तरी. नारळाखाली तंबू लावू नका. झावळीसुद्धा डोक्यात बसली तर पुरते. सुरूखाली लावा.

वारा. शाळेत खारे वारे मतलई वारे घोकले होते ते इथे कामी येतं. दुपारपासून समुद्राकडून वारा, रात्री उशिरा फिरतो आणि पहाटे जमिनीकडून समुद्राकडे गार मतलई. संध्याकाळी बघून समुद्राच्या बाजूला पाठ करून तंबू लावाल तर पहाटे बरोबर तोंडातून वारा शिरेल. म्हणून आडवा लावा, दार उत्तर किंवा दक्षिणेला.

आणि थंडी वाजते म्हणून सगळ्या चेन बंद करून झोपू नका. चार माणसांचा श्वास आत साठतो आणि पहाटे छतावरून थेंब गळतात, लोकांना वाटतं तंबू फाटका. वरची जाळी उघडी ठेवा. चार माणसांचा तंबू म्हणजे तीन माणसं आणि सामान, हेही लक्षात घ्या.

पाचपाखाडी

चार माणसांचा तंबू म्हणजे तीन माणसं, वन बीएचके म्हणजे वन आरके. बिल्डर एकच असावा.

किनारा_माझा

सगळे उत्साहात आहात, रागवू नका, पण मला हे सगळं पटत नाही. गेल्या काही वर्षांत तंबूचं खूळ आलंय, प्रत्येक पुळणीवर शनिवारी तंबूंची रांग, स्पीकर, फटाके, रविवारी सकाळी बाटल्या आणि निखारे. निखारे वाळूने झाकतात, वरून दिसत नाहीत, आत तासन्‌तास धगधगत राहतात आणि सकाळी अनवाणी पोराचा पाय भाजतो. मी स्वतः उचललंय असं पोर. शिवाय थंडी म्हणजे ऑलिव्ह रिडले कासवांचा अंडी घालायचा हंगाम, दक्षिणेकडे वेळास, हरिहरेश्वर, आंजर्ले ही नावं सगळ्यांना माहीत आहेत, पण मादी काही गावाची पाटी बघून वर येत नाही. दिवे आणि गोंगाट असेल तर ती परत फिरते. सरळ खोली घेऊन राहा आणि संध्याकाळी फिरून या ना.

घोडबंदरग्रस्त

खोली घेणारे कचरा करत नाहीत? केळव्याला रविवारी या दाखवतो. कचरा माणूस करतो, तंबू करत नाही.

किनारा_माझा

तंबूने माणूस रात्रभर तिथे राहतो, हा फरक आहे.

सुरमई

मला दोघांचं पटतंय त्यामुळे मी चहा घेते. पण निखाऱ्यांचं फार महत्त्वाचं आहे. पाणी ओता, वाळू नाही. वर हात धरून गार झाल्याची खात्री करा आणि मग उचला.

अष्टागरातला

किनारा_माझा, म्हणूनच वाडीत म्हटलं. जाळ वाडीत, दिवा वाडीत, आवाज झालाच तर मालकाच्या शिव्या तिथल्या तिथे. पुळणीवर फक्त पाय न्यायचे.

किनारा_माझा

हे चालेल. कचऱ्याची पिशवी घरी न्या म्हणजे झालं. गावातल्या कुंडीतही टाकू नका, ती आधीच भरलेली असते.

कोळंबीभात (शुक्रवार, दुपारी १:३०)

एवढी चर्चा झाली, जानेवारी चालू आहे, रायगडात चाललेत आणि कोणी पोपटीचं नाव काढत नाही? लाज वाटते मला या धाग्याची.

ताई, वडखळ-पोयनाडच्या पुढे रस्त्याला वालाच्या शेंगा मिळतात. मडकं घ्या, नवं नको, जुनं असेल तर वाडीवाल्याकडे असतंच. तळाला भांबुर्ड्याचा पाला. शेंगा सोलायच्या नाहीत, धुवून तशाच, खडेमीठ आणि ओवा चोळायचा. बटाटे, अंडी, कोंबडी खात असाल तर मसाला लावून केळीच्या पानात बांधून मधोमध. वर परत शेंगा, मग तोंडात भांबुर्डा गच्च कोंबायचा. पाण्याचा थेंब नाही, तेलाचा थेंब नाही. मडकं उलटं ठेवायचं, भोवती पेंढा, गोवऱ्या, काटक्या, आणि पेटवायचं. अर्धा-पाऊण तास. मडक्यावर पाणी शिंपडलं की चर्र होऊन उडालं पाहिजे, म्हणजे झालं. पोरांना हा भाग द्या, पाणी शिंपडायचा, पण लांबून.

शंकासुर

भांबुर्डा ओळखायचा कसा? आमच्याकडे एकाने भलताच पाला घातला आणि दुसऱ्या दिवशी सगळे घरीच.

कोळंबीभात

नाकाने. चुरगाळला की कापरासारखा उग्र वास येतो. पण शहाणपणा करू नका, शेंगा विकणाऱ्या मावशींकडे जुडी मिळते, तीच घ्या.

घोडबंदरग्रस्त

पोपटी पोपटी काय लावलंय. आमच्याकडे पालघरला उकडहंडी करतात, कोनफळ, रताळी, बटाटे, वालपापडी. कोनफळाचा जांभळा रंग आणि गोडी बघितली की तुमच्या शेंगा विसराल. आणि त्याला कापराचा वास येत नाही.

कोळंबीभात

कापराचा वास हीच तर पोपटी. उकडहंडी चांगलीच असते, मी नाही म्हणत नाही. उकडलेले कंद कोणाला आवडत नाहीत. आजारी माणसाला विशेष.

घोडबंदरग्रस्त

हे वैयक्तिक झालं.

निवांत

धागा समुद्रावरचा होता. ॲडमिन झोपलेत वाटतं.

ऐरोलीचा_बगळा

माझे दोन पैसे. थंडीत किनाऱ्यावर कुरव पक्ष्यांचे थवे उतरतात, लोक त्यांना शेव-गाठ्या घालतात, कृपया घालू नका, पोरांना समजावा, त्यांच्या पोटाला ते चालत नाही. त्यापेक्षा सकाळी पाणी उतरलेल्या ओल्या वाळूवर खाली वाकून बघा, मोहरीएवढ्या ते वाटाण्याएवढ्या वाळूच्या गोळ्यांची रांगोळी दिसेल. ती अगदी छोट्या खेकड्यांची, वाळू तोंडात घेऊन त्यातलं खाणं तेवढं काढतात आणि उरलेल्या वाळूची गोळी बाजूला टाकतात. पाऊल टाकलं की सगळे बिळात. हलू नका, दोन मिनिटांत परत वर येतात. पाच वर्षांच्या मुलाला दोन मिनिटं गप्प बसवायचा हा एकच उपाय मला माहीत आहे.

चंद्र जवळजवळ पूर्ण असल्याने रात्री तारे कमी दिसतील, मृग आणि व्याध दिसतीलच. खरी मजा पहाटे पाचनंतर, चंद्र मावळतीला टेकला की उजाडेपर्यंत थोडा वेळ जरा काळोख मिळेल. स्वाती डोक्यावर, आग्नेयेला वृश्चिक वर येताना.

खाडीकाठची (शनिवार, रात्री १०:२५)

नाखवाभाऊ, पावणेदहा म्हणालात, सव्वादहापर्यंत चढत होतं. आम्ही दुपारी जिथे उभे होतो तिथे आत्ता कमरेएवढं पाणी असेल. शेजारच्या ग्रुपने पुळणीवर लावलेले तीन तंबू आत्ता उचलून आणले, गाद्यांसकट. नवरा काही बोलत नाहीये, मला बघायचंय किती वेळ.

नाखवा

🙏 रात्री पाण्यात कोणाला उतरू देऊ नका. आणि पाणी उतरायला लागलं की तर अजिबातच नाही, ते आत ओढतं.

खाडीकाठची (सोमवार, दुपारी २:४०)

आलो बाबा. कपडे अजून मशीनमध्ये, ऑफिसच्या बॅगेतही वाळू निघाली, ती बॅग मी नेलीच नव्हती.

वाडी रेवदंड्याला चौकशी करत मिळाली, तिसऱ्या दारात. माईआजी, तुमचं ऐकून आधी बाथरूम बघितलं, पहिल्या दोन जागा त्यावरच बाद. ही बाई कडक होती, "रात्री अकरानंतर गाणी नाहीत" हे पैशांच्या आधी सांगितलं, मला तिथेच आवडली. तंबू लावायला एक तास लागला, त्यातला बराचसा वेळ कुठली काडी कुठे यावर नवरा आणि मुलगी भांडत होते. दार उत्तरेला केलं. वाळूच्या पिशव्यांची गरज पडली नाही, खुंट्या मातीत बसल्या.

पोपटी झाली. मडकं वाडीतलंच, काळंकुट्ट. मालकीणबाईंनी आमची भरायची पद्धत बघितली, काही न बोलता सगळं परत बाहेर काढलं आणि स्वतः भरलं. शेंगा इतक्या दाबून बसवल्या की मला वाटलं मडकं तडकेल. मुलाने पाणी शिंपडलं, चर्र झालं, तो तीन फूट मागे उडाला आणि मग "अजून एकदा" म्हणत आख्खी बाटली रिकामी केली. मडकं उलटं उचलून केळीच्या पानावर सोडलं तेव्हा पहिली वाफ आली ती नुसत्या भांबुर्ड्याची, डोळ्यात गेली, मग ओवा, मग शेंगांचा भाजका वास. वरच्या शेंगांच्या साली करपून कागदासारख्या झालेल्या आणि आतला दाणा लोण्यासारखा. मिठाचे खडे मध्येच दाताखाली. सासूबाई दातांची काळजी विसरून बसल्या होत्या. कोंबडीपेक्षा शेंगा आधी संपल्या, हे आमच्या घरात पहिल्यांदा.

झोपेचं सांगते. सासूबाई तंबूत आल्याच नाहीत. पडवीत मालकीणबाईंच्या सासूबाईंबरोबर बसल्या त्या बसल्याच, दोघींनी मिळून सुनांचा समाचार घेतला असणार. तिथेच खाटेवर झोपल्या. आम्ही चौघं तंबूत, दोरखंड, तीन माणसं आणि सामान अगदी बरोबर, चौथा माणूस म्हणजे नवरा, तो तिरका. थंडी वाजली ती पहाटे चारनंतर. खाली गोधडी नसती तर गाडीत जाऊन बसलो असतो. जाळी उघडी ठेवूनही छत ओलं होतंच.

पाचला मुलीला उठवलं. बगळेदादा, वृश्चिक दिसलं, नांगीची टोकं क्षितिजाच्या धुरकटात होती. मुलाला उठवलं नाही, त्याने अजून माफ केलेलं नाही. पण खेकड्यांच्या गोळ्या त्याला दाखवल्या आणि तो खरंच गप्प बसला, दोन नाही, बराच वेळ. मी घड्याळ बघितलं नाही.

सुरमई

बाथरूमवर दोन जागा बाद केल्या हे वाचून डोळे पाणावले.

शंकासुर

वाडीत मालकीणबाईंनी स्वयंपाक करून दिला, सासूबाई खाटेवर, मग हे कॅम्पिंग कसं झालं? हे तर होम स्टे, फक्त छत कापडाचं.

दोरखंड

शंकासुर, पाच वर्षांचं पोर घेऊन सुळक्यावर मुक्काम केला नाही म्हणून नाव काढून घ्यायचं का? अंथरूण जमिनीवर होतं, दंव पडलं, पहाटे थंडी वाजली. बस झालं की.

शंकासुर

ठीक आहे, अर्धं कॅम्पिंग मान्य.

कोळंबीभात

पोपटी झाली म्हणजे पूर्ण मान्य. ताई, मालकीणबाईंनी भरलेलं परत बाहेर काढलं ना, ते माझ्याच कृतीने भरलं होतंत का? 😬

खाडीकाठची

कृती तुमचीच, हात आमचे. त्यांचं म्हणणं मध्ये पोकळी राहिली की शेंगा वरून करपतात आणि आतल्या कच्च्या राहतात.

ठाकुर्लीकर_मुक्कामपोस्ट

आमच्याकडे गाडी नाही. बायको आणि एक मुलगा, तंबू आहे. सार्वजनिक वाहनाने जमेल का असं काही?

अष्टागरातला

उरणजवळ करंजाहून रेवसला लाँच जाते, खाडी ओलांडायला थोडाच वेळ लागतो, पुढे एसटी किंवा रिक्षाने अलिबाग. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो (गाड्याही नेणारी बोट) आहे, तासाभराची, पण ठाकुर्लीहून मुंबईत उलटं जायचं. ओझं कमी न्या, तंबू आणि पाणी दोन्ही पाठीवर घेऊन कोणी हसत पोचलेलं मी बघितलं नाही.

घोडबंदरग्रस्त

किंवा आमच्याकडे या. दिवा-वसई पकडा, वसईहून डहाणूच्या दिशेची गाडी, केळवे रोडला उतरा, बाहेर रिक्षा उभ्या असतात. ट्रेनला वडखळ नाही.

ठाकुर्लीकर_मुक्कामपोस्ट

हे जमेल. येत्या शनिवारी भरती कधी?

नाखवा

येत्या शनिवारी वद्य पंचमी. पाचाची पाऊणपट पावणेचार. दुपारी पावणेचारला पाणी वर, रात्री दहाला खाली, पहाटे चारला परत वर. म्हणजे संध्याकाळी तंबू लावताना पाण्याची रेघ नुकतीच ओली असेल, ती दिसेल. पण रात्रीचं पाणी दुपारच्यापेक्षा थोडं जास्त धरा आणि बनातच राहा.

माईआजी

गोधडी विसरू नका रे. केळव्याला मोकळं आहे, वारा जास्त.

घोडबंदरग्रस्त

ठाकुर्लीकर, आम्ही पण येतोय मग शनिवारी. तुम्ही ट्रेनने पोचा, आम्ही पहाटे साडेचारला गायमुख ओलांडतो. मडकं आणि कोनफळ माझ्याकडे. अजून कोणाला यायचं असेल तर गाडीत दोन जागा आहेत.

कोळंबीभात

मी माजिवड्याला उभा राहतो. भांबुर्ड्याची जुडी आणू का?

घोडबंदरग्रस्त

आणलीस तर डिकीत बसायचं.